टी पेशींची स्मृती : हैदराबादच्या लसीमागील विज्ञान

हैदराबादनजीकच्या जिनोम व्हॅलीतील भारत बायोटेकने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था यांच्या सहकार्याने ‘कोव्हॅक्सिन’ ही लस विकसित केली. ३ जानेवारी २०२१ रोजी तिच्या आपत्कालीन वापरास मंजुरी मिळाली. लसीनंतर रक्तातील प्रतिपिंडे काही महिन्यांत घटतात, तरी संरक्षण पूर्णतः संपत नाही. याचे एक कारण टी पेशींच्या स्मृतीत दडलेले आहे.

टी पेशी या पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार होत. ज्यांची रोगजंतूशी अद्याप गाठ पडलेली नाही, त्या ‘नवख्या’ पेशी. एकदा लढून मागे उरलेल्या, त्या ‘स्मृतिपेशी’. दोहोंतील महत्त्वाचा भेद त्यांच्या पृष्ठभागावरील ग्राहींत आढळतो. सायटोकाइन हे पेशींमधील निरोप पोहोचवणारे प्रथिन असते आणि ज्या पेशीवर त्याचा ग्राही असेल, तिलाच तो निरोप कळतो.

नवख्या पेशीवर इंटरल्यूकिन-७ चा ग्राही मुबलक असतो. त्याच्याच आधारे ती वर्षानुवर्षे तग धरते. इंटरल्यूकिन-२ च्या ग्राहीचा अल्फा घटक मात्र तिच्यावर जवळजवळ नसतो. रोगजंतूचा अंश ओळखताच काही तासांत तो प्रकट होतो, ग्राहीची पकड सुमारे शंभरपट घट्ट होते आणि पेशी वेगाने विभागू लागते. त्याच वेळी इंटरल्यूकिन-७ चा ग्राही ओसरतो. लढाई संपल्यावर बहुतेक पेशी मरतात. हा ग्राही टिकवणाऱ्या किंवा पुन्हा धारण करणाऱ्या पेशींतून स्मृतिपेशी घडतात. त्यांच्यावर, विशेषतः मारक टी पेशींवर, इंटरल्यूकिन-१५ चा निरोप घेणारा बीटा घटकही अधिक असतो. म्हणूनच रोगजंतू शरीरात नसतानाही त्या जगतात.

लसनिर्मितीत या ज्ञानाला महत्त्व आहे. केवळ ॲल्युमिनियमयुक्त साहाय्यक द्रव्य प्रतिपिंडांकडे झुकणारा प्रतिसाद देते. ‘कोव्हॅक्सिन’मध्ये त्यासोबत आणखी एक रेणू योजला आहे. तो विषाणूविरोधी टी पेशींच्या प्रतिसादास चालना देतो. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लसीकरणानंतर सहा महिन्यांनीही स्मृतिपेशी आढळल्या आणि विषाणूच्या बदललेल्या रूपांनाही त्या प्रतिसाद देत होत्या.

ग्राहींचे मोल त्यांच्या अभावी अधिक जाणवते. इंटरल्यूकिन-२, ७, १५ इत्यादींच्या ग्राहींत एक समान गॅमा घटक असतो. त्याच्या जनुकात दोष असल्यास बालकात टी पेशी तयारच होत नाहीत. हा दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने बहुधा मुलग्यांतच दिसतो आणि साधा संसर्गही जिवावर बेततो. आपल्याकडे जन्मतःच दिली जाणारी बीसीजी ही जिवंत जंतूंची लस अशा बालकात शरीरभर पसरू शकते. निदान लवकर झाल्यास अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने जीव वाचू शकतो. त्यामुळे कुटुंबात यापूर्वी एखादे अर्भक वारंवारच्या गंभीर संसर्गाने दगावले असेल, तर नवजातास लस टोचण्यापूर्वी ही माहिती डॉक्टरांना देणे अगत्याचे आहे.