‘ठपका ठेवला’ म्हणजे नेमकं काय झालं? बातम्यांतल्या एका शब्दाचा अर्थ

पावसाळा सुरू झाला की वसईजवळच्या चिंचोटी धबधब्याच्या बातम्या येऊ लागतात. जुलै २०१८ मध्ये इथे अचानक पाणी वाढल्याने शंभराहून अधिक पर्यटक अडकले होते आणि एकाचा मृत्यू झाला होता. कुठलीही दुर्घटना घडली की पुढच्या काही दिवसांत मथळ्यांमध्ये एक शब्द हटकून दिसतो, तो म्हणजे ‘ठपका’. ‘प्रशासनावर ठपका’, ‘हलगर्जीपणाचा ठपका’ असे मथळे धडाधड फॉरवर्ड होतात. वाचणाऱ्याला वाटतं, दोषी सापडला. बहुतेक वेळा तसं झालेलं नसतं.

ठपका आणि त्याचे शेजारी

ठपका म्हणजे एखाद्याच्या माथी ठेवलेला दोष. तो योग्य आहे की नाही, हे या शब्दातून कळत नाही. बातम्यांत त्याच्या आसपास येणारे शब्द वेगळे ओळखता यायला हवेत:

- आरोप: कुणीही करू शकतं. नातेवाईक, विरोधी पक्ष, स्थानिक रहिवासी.
- ठपका: सहसा चौकशी समिती, आयोग, लेखापरीक्षण अहवाल किंवा वरिष्ठ अधिकारी ठेवतात. म्हणजे काहीतरी तपासणी झालेली असते.
- ताशेरे: न्यायालय सुनावणीत किंवा निकालपत्रात ओढतं. ही कडक टीका असते. तिच्यामुळे कुणी आपोआप दोषी ठरत नाही.
- दोषी: खटला चालून न्यायालयाने गुन्हा सिद्ध झाल्याचं म्हटल्यावरच. निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा आहे आणि त्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण तो सिद्ध व्हावा लागतो.

ठपका आणि दोषसिद्धी यांच्यातलं अंतर किती असू शकतं, याचं मोठं उदाहरण मुंबईचं आहे. १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने अनेकांवर ठपका ठेवला. १९९८ मध्ये अहवाल विधिमंडळात मांडला गेला, तेव्हा तत्कालीन राज्य सरकारने त्यातले मुख्य निष्कर्ष फेटाळले. चौकशी आयोगाचे निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नसतात, म्हणून हे शक्य झालं.

सरकारी नोकरीत ठपका ही शिक्षा

महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये शिक्षांची यादी आहे. त्यात ‘ठपका ठेवणे’ ही किरकोळ शिक्षांमधली पहिली शिक्षा आहे. वेतनवाढ रोखणं त्याच्या पुढचं आणि बडतर्फी शेवटची. त्यामुळे ‘अधिकाऱ्यावर ठपका’ या मथळ्याचे दोन अर्थ निघू शकतात. एक, अहवालात त्याच्याकडे बोट दाखवलं गेलं. दोन, विभागीय कारवाई पूर्ण होऊन त्याला सगळ्यात सौम्य शिक्षा मिळाली. कोणता अर्थ घ्यायचा, हे मथळ्यावरून कळत नाही.

‘प्रशासन’ म्हणजे कोण?

चिंचोटीत हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. धबधबा तुंगारेश्वर अभयारण्याच्या जंगलात आहे, म्हणजे तिथे वन विभाग आला. पावसाळ्यात मनाई आदेश निघाला तर तो अमलात आणायचं काम पोलिसांचं. मुंबई-अहमदाबाद महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, चिंचोटी-कामण-भिवंडी रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आणि शहरी सोयी वसई-विरार महापालिकेकडे. इतक्या यंत्रणा असताना ‘प्रशासनावर ठपका’ असं लिहिलं, तर तो नक्की कुणावरच बसत नाही. प्रत्येक विभागाला ‘ते आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणायला वाट मोकळी राहते.

‘ठपका ठेवण्यात आला’ या वाक्यातही अशीच पळवाट आहे. ठेवला कुणी, हे त्यात येतच नाही.

चौकशीशिवाय ठेवलेला ठपका

एक ठपका मात्र त्याच संध्याकाळी ठेवला जातो, तो बुडालेल्या माणसावर. ‘अतिउत्साह नडला’, ‘सेल्फीचा मोह जिवावर बेतला’ या मथळ्यांत ‘ठपका’ हा शब्द नसतो, पण निवाडा झालेला असतो. मनाई आदेश मोडून कुणी गेलं असेल, तर ते बातमीत यायलाच हवं. पण त्याचबरोबर इशारा देणारा फलक होता का, वाटेवर कुणी अडवलं का, पाणी अचानक वाढलं का, हेही विचारायला हवं. गेलेला माणूस उत्तर देऊ शकत नाही आणि तो मथळा त्याच्या घरच्यांच्या मोबाइलवरही पोहोचतो.

फॉरवर्ड करण्याआधी

- ठपका कुणी ठेवला? समितीने, न्यायालयाने की एखाद्या नेत्याने?
- नेमका कुणावर? विभागाचं किंवा पदाचं नाव आहे का?
- कशाच्या आधारावर? अहवाल आहे की नुसती प्रतिक्रिया?
- समोरच्याचं म्हणणं बातमीत आहे का?
- पुढे काय होणार? गुन्हा, विभागीय चौकशी की काहीच नाही?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बातमीत नसतील, तर दोष कुणाचा हे अजून ठरलेलं नाही असंच समजावं.