मर्सेनच्या यादीतला सदुसष्ट

मॅरिन मर्सेन हा पॅरिसमधल्या मठात राहणारा साधू. युरोपभरच्या गणित्यांशी त्याचा पत्रव्यवहार चाले. 1644 साली त्याने एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत काही आकडे छापले: 2, 3, 5, 7, 13, 17, 19, 31, 67, 127 आणि 257. यातला कोणताही आकडा 2 च्या डोक्यावर घात म्हणून ठेवावा, आलेल्या उत्तरातून 1 वजा करावा, की हाती मूळ संख्या येते. 257 पर्यंत असे आकडे एवढेच, असा त्याचा दावा. पुरावा मात्र दिला नाही. पडताळणार तरी कोण?

घात 31 असतानाची संख्या मूळ आहे हे सिद्ध व्हायला 1772 उजाडले, आणि त्यासाठी ऑयलरसारखा मातब्बर गणितीच लागला.

67 ची संख्या तर एकवीस आकडी: 14,75,73,95,25,89,67,64,12,927. बुद्धिबळाच्या पटावर एका दाण्यापासून चौकटीगणिक दुप्पट होत जाणाऱ्या दाण्यांची बेरीज आठपट करून वर सात दाणे टाकले, की नेमकी हीच संख्या! 1876 मध्ये फ्रान्सच्या एदुआर ल्युकाने ती मूळ नसल्याचे दाखवले. गंमत अशी, की त्याच्या कसोटीतून भाग जातो एवढेच कळे. कशाने जातो, ते कळत नसे. चोरी झाल्याचे सिद्ध, चोर बेपत्ता. पुढची सत्तावीस वर्षे प्रकरण तिथेच अडले.

31 ऑक्टोबर 1903 रोजी न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत कोलंबिया विद्यापीठाचे फ्रँक नेल्सन कोल यांनी 67 च्या संख्येचे अवयव मांडले: 193707721 आणि 761838257287.

शोध आंधळा नव्हता. या संख्येचा कोणताही मूळ अवयव 134 च्या पटीपेक्षा 1 ने जास्त असावा लागतो. शिवाय त्याला 8 ने भागले तर बाकी 1 किंवा 7 च उरायला हवी. लहान अवयवातून 1 काढून 134 ने भागून पाहा: 1445580, बाकी शून्य. म्हणजे एकेक उमेदवार तपासायचा म्हटला तरी सातेक लाख भागाकार, तेही हाताने. कोल यांनी वर्गशेषांच्या (वर्गसंख्यांना भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांच्या) आणखी चाळण्या लावून उमेदवार गाळत नेले.

त्या सभेची एक कथा गणित्यांत फार लाडकी आहे. कोल फळ्यापाशी गेले, एकीकडे 2 चा घात मांडला, दुसरीकडे गुणाकार केला, उत्तरे जुळली, आणि अवाक्षर न काढता ते जागेवर बसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. सांगणारा गणिती-लेखक एरिक टेंपल बेल. किती वेळ लागला, या त्याच्या प्रश्नावर कोल यांनी ‘तीन वर्षांचे रविवार’ असे उत्तर दिल्याचेही तोच सांगतो. पण किस्से रंगवण्यात बेलचा हातखंडा होता, आणि हे लिहीपर्यंत कोल यांना जाऊन बरीच वर्षे लोटली होती. गुणाकार तेवढा कुणीही करून पाहावा.

मर्सेनच्या यादीचे म्हणाल, तर 257 चीही संख्या पुढे मूळ नसल्याचे निघाले आणि 61, 89, 107 हे तीन आकडे त्याच्या नजरेतून सुटले होते. तरीही अशा मूळ संख्यांना आजही त्याचेच नाव आहे.