फसव्या संकेतस्थळांची नोटिफिकेशन : ओळख व उपाय

॥ श्री ॥



आरतीचे शब्द, पंचांग, एकादशीची तिथी किंवा दूरच्या देवस्थानाचे थेट दर्शन यांसाठी आज आपल्यापैकी अनेक जण मोबाईलचा आधार घेतात. याच वाटेवर काही फसवी संकेतस्थळे टपून बसलेली असतात. त्यांच्या जाळ्यात सापडल्यावर फोनवर वेळीअवेळी नोटिफिकेशन येऊ लागतात : ‘फोनमध्ये व्हायरस शिरला आहे’, ‘आपले बँक खाते आज बंद होईल’, ‘आपणांस बक्षीस लागले आहे’. मंदिरात नित्य येणारे एक ज्येष्ठ भक्त अशाच नोटिफिकेशनमुळे घाबरून नवा फोन घेण्यास निघाले होते. प्रत्यक्षात त्यांचा फोन धडधाकट होता. नकळत दिली गेलेली एक परवानगी तेवढी काढून घ्यावयाची होती. म्हणून ही माहिती येथे देत आहोत.

नोटिफिकेशन कोठून येते?

संकेतस्थळ बंद असतानाही त्याचा निरोप वाचकापर्यंत पोहोचावा, ही सोय मुळात चांगल्या हेतूने निर्माण झाली. क्रोम ब्राउझरमध्ये ती एप्रिल २०१५ पासून आहे. मात्र वाचकाने परवानगी दिल्याखेरीज कोणतेही संकेतस्थळ असा निरोप पाठवू शकत नाही. त्यासाठी ब्राउझर एक लहान चौकट दाखवितो. तीत संकेतस्थळाचा पत्ता आणि ‘अलाऊ’ व ‘ब्लॉक’ अशी दोन बटणे असतात. फोनची भाषा हिंदी असल्यास ‘अलाऊ’च्या जागी ‘अनुमति दें’ असे दिसते.

फसवणूक कशी होते?

चौकट ब्राउझरची असते. तिच्यातील मजकूर संकेतस्थळास बदलता येत नाही. म्हणून ठक चौकटीभोवतीच्या पानावर खोटा मजकूर लिहितात :

१. ‘आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा.’
२. ‘थेट दर्शन पाहण्यासाठी अलाऊ दाबा.’ मागे व्हिडिओ सुरू होत असल्याचे केवळ चित्र फिरत असते.
३. ‘आरतीसंग्रह उतरवून घेण्यासाठी अलाऊ दाबा.’

या तिन्ही गोष्टींचा नोटिफिकेशनशी काडीमात्र संबंध नाही. माणूस की यंत्र, ही खरी तपासणी अक्षरे ओळखण्यास, चित्रे निवडण्यास किंवा चौकोनात खूण करण्यास सांगते. ती ‘अलाऊ’ दाबावयास कधीही सांगत नाही. ‘ब्लॉक’ दाबल्यावर पान बदलून पुन्हा तीच विनंती आली, तर ते पान तत्काळ बंद करावे.

ब्राउझर तयार करणाऱ्यांनाही हा उपद्रव जाणवला. फायरफॉक्सने जानेवारी २०२० पासून ही चौकट आपोआप दाखविणे थांबविले. क्रोमनेही त्याच वर्षी ती कमी ठळक करण्यास आरंभ केला. तरीही अंतिम निर्णय आपल्या बोटाचाच असतो.

आलेले नोटिफिकेशन कसे ओळखावे?

नोटिफिकेशनमधील बारीक अक्षरे वाचावीत. तेथे ब्राउझरचे नाव व एखादा अनोळखी पत्ता असेल, तर तो निरोप फोनने, बँकेने किंवा देवस्थानाने दिलेला नाही. बँकेचे बोधचिन्ह अथवा देवाचे चित्र कोणीही लावू शकतो. अशा नोटिफिकेशनवर बोट लावू नये. त्यातील क्रमांकावर फोन करू नये.

भीती आणि घाई हेच ठकांचे भांडवल. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या भोपाळच्या अरेरा कॉलनीत ‘डिजिटल अटके’च्या धाकाने एका व्यावसायिकास घरातच अडकवून ठेवण्यात आले होते, सायबर पोलिसांनी घरी पोहोचून त्यांची सुटका केली. तेथे साधन व्हिडिओ कॉलचे होते, येथे नोटिफिकेशनचे आहे. घाबरविण्याची रीत एकच.

परवानगी कशी काढावी?

अँड्रॉइड फोन : क्रोम उघडून वरच्या तीन टिंबांवर जावे. तेथून ‘सेटिंग्ज’, ‘साइट सेटिंग्ज’, ‘नोटिफिकेशन्स’ या क्रमाने जावे. परवानगी दिलेल्या संकेतस्थळांची यादी दिसेल. अनोळखी पत्ता निवडून त्यास ‘ब्लॉक’ करावे.

संगणक : क्रोमच्या ‘सेटिंग्ज’मधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या भागात ‘साइट सेटिंग्ज’ आहे. पुढील कृती वरीलप्रमाणेच.

यासाठी कोणासही पैसे देण्याची गरज नाही. केवळ नोटिफिकेशन येत असतील, तर परवानगी काढताच ती थांबतात. मात्र त्यातून एखादे ॲप उतरविले असल्यास तेही काढून टाकावे. पासवर्ड दिला असल्यास तो त्वरित बदलावा.

भाविकांस विशेष विनंती

यात्रेकरूंना लक्ष्य करणाऱ्या बनावट आरक्षण-संकेतस्थळांविषयी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये जनतेस सावध केले होते. केदारनाथचे हेलिकॉप्टर व चारधाम यात्रेतील निवास यांचा त्यात उल्लेख होता. म्हणून नोटिफिकेशनमधून आलेल्या दुव्यावर देणगी, प्रसाद अथवा निवासाचे पैसे भरू नयेत. पैसे गेले असल्यास विनाविलंब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन येथे तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितकी रक्कम थोपविणे अवघड.

आपल्या न्यासाचे हे संकेतस्थळ नोटिफिकेशनची परवानगी मागत नाही. उत्सवांच्या सूचना याच पानावर व मंदिरातील फलकावर लावल्या जातात. आमच्या नावाने अशी चौकट दिसल्यास कार्यालयास अवश्य कळवावे. घरातील वडीलधाऱ्यांच्या फोनमधील वरील यादी तरुण मंडळींनी एकदा तपासून द्यावी, ही नम्र विनंती.



सचिव
विश्वस्त मंडळाकरिता, भोपाळ