उशिरा आलेली चौथी पिढी

३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी दिल्लीत साधलेला संवाद हा भारतातील पहिला मोबाइल संवाद मानला जातो. ते जाळे खासगी कंपनीचे होते. देशभर तारा ओढणाऱ्या दूरसंचार खात्याला या क्षेत्राचे दार १९९९च्या दूरसंचार धोरणाने उघडले. १ ऑक्टोबर २००० पासून खात्याची सेवा भारत संचार निगमकडे आली आणि १९ ऑक्टोबर २००२ रोजी लखनौ येथे अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते निगमच्या मोबाइल सेवेचा आरंभ झाला. दिल्ली व मुंबई तेवढी महानगर टेलिफोन निगमकडे राहिली.

उशीर झाला तरी पाया भक्कम होता. गावोगावची एक्स्चेंजे, स्वतःच्या जागा आणि जमिनीखालची ऑप्टिकल फायबर हे भांडवल अन्य कुणाकडेही या प्रमाणात नव्हते.

घात झाला तो यंत्रसामग्रीच्या खरेदीत. साडेचार कोटी लाइन्सची निविदा न्यायालयात गेली आणि अखेर मागणी निम्म्यावर आली, त्यानंतरची ९.३ कोटी लाइन्सची निविदा २०१० मध्ये रद्दच झाली. जाळे विस्तारायच्या ऐन काळात उपकरणे नाहीत, आणि थ्री-जी ध्वनिलहरींसाठी मात्र लिलावात ठरलेल्या दराने १०,००० कोटींहून अधिक रुपये मोजावे लागले! २००९-१० पासून निगम तोट्यात गेली. खासगी कंपन्यांची फोर-जी सेवा २०१२ मध्ये सुरू झाली. निगमला त्या ध्वनिलहरी देण्याचा निर्णय ऑक्टोबर २०१९ मध्ये झाला. त्याच पुनरुज्जीवन योजनेत सुमारे ७८ हजार कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. एवढे अनुभवी हात एकाच दिवशी, ३१ जानेवारी २०२० रोजी, कामावरून उतरले. त्याचे मोल ताळेबंदात दिसत नाही.

२०२० मध्ये सीमेवरील तणावानंतर फोर-जीची निविदा पुन्हा रद्द झाली आणि स्वदेशी उपकरणांचा आग्रह धरला गेला. येथे जुनी ओळख कामी आली. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने १२८ लाइन्सचे ग्रामीण एक्स्चेंज घडवले होते. वातानुकूलनावाचून, धुळीत आणि उन्हात चालणारे ते यंत्र होते. आता त्याच संस्थेने जाळ्याचा गाभा, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवून त्याचा संवाद वा डेटा योग्य ठिकाणी पोचवणारी प्रणाली, तयार केली. टॉवरवरील रेडिओ उपकरणे बंगळुरूच्या तेजस नेटवर्क्सची आणि सर्वांची जुळणी टीसीएसची. प्रयोगशाळेत चालणारी प्रणाली लाखो ग्राहकांच्या भाराखाली चालेलच असे नसते; म्हणून चाचण्यांतच बराच काळ गेला.

२७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथून पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ९७,५००हून अधिक टॉवर राष्ट्राला अर्पण केले. तोवर खासगी कंपन्यांच्या फाइव्ह-जी सेवेला जवळजवळ तीन वर्षे झाली होती. हे जाळे मात्र ज्या २६ हजारांहून अधिक गावांसाठी उभारले गेले, त्यांच्यापर्यंत त्याआधी फोर-जी पोचलेच नव्हते.