पक्षाघात : रुग्णालयापूर्वीचा रक्तदाब आणि श्वासमार्ग

पक्षाघाताच्या बहुतेक रुग्णांचा रक्तदाब झटक्यानंतरच्या पहिल्या तासांत वाढलेला आढळतो. यंत्रावर २०० चा आकडा दिसताच घरच्यांचा जीव कासावीस होतो आणि गोळीची शोधाशोध सुरू होते. परंतु या घटकेला हा दाब अनेकदा मेंदूचा आधार असतो. रक्तवाहिनीत गुठळी अडकली की तिच्या पलीकडचा भाग शेजारच्या बारीक वाहिन्यांतून येणाऱ्या रक्तावर तग धरतो. दाब एकाएकी उतरवल्यास तोही पुरवठा आटतो. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडण्याची जुनी रीत म्हणूनच घातक मानली जाते. रक्तस्राव असेल तर मात्र हिशेब उलटा होतो, आणि गुठळी की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय खात्रीने सांगता येत नाही.

रुग्णवाहिकेतच दाब उतरवून पाहण्याचे प्रयोग झाले. ब्रिटनमधील ‘राइट-२’ (२०१९) चाचणीत त्वचेवर लावण्याच्या नायट्रेटच्या पट्टीचा लाभ दिसला नाही. चीनमधील ‘इंटरॅक्ट-४’ (२०२४) मध्ये २,४०४ रुग्ण होते. तेथे रक्तस्रावाच्या रुग्णांना फायदा, तर गुठळीच्या रुग्णांना अपाय झाल्याचे दिसले. एकूण बेरीज जवळपास शून्य. त्यामुळे निदानापूर्वी दाबाला सहसा हात न लावणे हेच आज शहाणपणाचे ठरते. रुग्णालयात गुठळी विरघळवणारे औषध द्यायचे असल्यास दाब १८५/११० च्या खाली आणावा लागतो; अन्यथा २२०/१२० पर्यंत तो बहुधा सोसला जातो.

श्वासमार्गाला मात्र थांबायला वेळ नसतो. शुद्ध हरपत चालली की जीभ मागे पडते, गिळण्याची क्रिया बिघडते आणि उलटी फुप्फुसात उतरू शकते. अशा रुग्णाला कुशीवर वळवणे आणि तोंडातील स्राव यंत्राने ओढून काढणे हे पहिले काम. ऑक्सिजन सरसकट लावून उपयोग नाही; ८,००३ रुग्णांवरील ब्रिटिश चाचणीने (२०१७) हे दाखवून दिले. रक्तातील प्रमाण ९४ टक्क्यांच्या खाली गेल्यास तो द्यावा. श्वासनलिकेत नळी घालणे हा शेवटचा उपाय, कारण भूल देताना रक्तदाब कोसळू शकतो आणि नंतर श्वास जलद दिल्यास कार्बन डायऑक्साइड घटून मेंदूतील वाहिन्या आकुंचन पावतात. साखरही तपासावी, कारण ती फार उतरली तर हुबेहूब पक्षाघाताचे सोंग आणते.

परदेशातून महाराष्ट्रातील आईवडिलांच्या घरी फोन लावणाऱ्याने १०८ ला कळवायला सांगावे. पाणी, रक्तदाबाची गोळी, ॲस्पिरिन यांपैकी काहीही तोंडावाटे देऊ देऊ नये. रुग्ण अखेरचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाचे नाव कागदावर लिहून सोबत पाठवावे.