बखर, शकावली आणि चित्रफीत

शिवजयंती जवळ आली म्हणजे जुन्नर तालुक्यातील डिंगोऱ्यासारख्या गावांतले तरुण शिवनेरीचे स्मरण अभिमानाने करतात. त्याच दिवसांत त्यांच्या मोबाइलवर अर्ध्या मिनिटात इतिहास सांगून टाकणाऱ्या चित्रफितीही येऊ लागतात. त्यांतील खरे कोणते आणि रचलेले कोणते, हे कसे ओळखावे? याचे उत्तर शिवनेरीच्याच इतिहासात सापडण्यासारखे आहे.

ज्या गडावर शिवाजी महाराजांचा जन्म झाला, तेथील त्या जन्माची तिथीच दीर्घकाळ वादग्रस्त होती. बखरकारांत एकमत नव्हते. शके १५४९ मधील वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे इ. स. १६२७, ही तिथी पुष्कळ जण मानीत. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी स्पष्ट नोंद होती. परंतु केवळ एका कागदावर विसंबून वाद मिटला नाही. पुढे १९२७ साली महाराजांचे समकालीन कवींद्र परमानंद यांचे ‘शिवभारत’ छापले गेले; त्यातही तीच तिथी निघाली. राजस्थानात मिळालेली जन्मकुंडलीही तिच्याशी जुळली. अखेर २००१ साली महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. शकावली उजेडात आल्यापासून पंचाऐंशी वर्षे लोटली होती!

एवढा धीर चित्रफितीस नसतो. २०१८ साली मुले पळविणाऱ्या टोळ्यांची अफवा मोबाइलवरून गावोगाव पसरली, आणि १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना ठार मारले. त्या वर्षी देशभर फिरलेली एक चित्रफीत तर मुळात कराचीतील होती. मुलांच्या सुरक्षिततेविषयी लोकांस जागे करण्याकरिता ती अभिनय करून तयार केली होती. पळविलेले मूल परत आणून फलक दाखविला जातो, तो शेवटचा भागच कोणी तरी कापून टाकला होता.

तेव्हा संशोधकाने जुन्या कागदास विचारावयाचे प्रश्नच तरुणांनी चित्रफितीस विचारावेत. ही मूळ कोणाची? कोठली आणि केव्हाची? आधी-नंतरचा भाग कोठे आहे? दुसरी स्वतंत्र साक्ष मिळते काय? ती मिळेपर्यंत चित्रफीत पुढे न धाडणे, एवढे तरी प्रत्येकाच्या हाती खचित आहे.