पायाखालचा खटका

मध्यरात्री सायलेन्सर काढलेली गाडी गल्लीतून गेली की तोंडून हमखास निघतं, "ही आजकालची पोरं!" मंडळी, यातला 'आजकालची' हा शब्द साफ चुकीचा आहे. ही पोरं शंभर वर्षांहून जुनी आहेत. आणि त्यांना पाना-पक्कडही लागत नसे. अमेरिकेतल्या त्या काळच्या कित्येक गाड्यांत ड्रायव्हरच्या पायाशी एक खटका असायचा. तो दाबला की सायलेन्सर बाद!

आधी थोडं इंजिनाबद्दल (डिग्रीला जागायला नको का?). एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा आतल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त असतो. तो एकदम सुटतो आणि 'फट्' होतं. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला हजार फेरे घेत असेल तर मिनिटाला दोन हजार फट्. आपण फटफटीला फटफटी म्हणतो ते उगाच नाही. सायलेन्सर त्या वायूला पसरायला डबा देतो, भोकाभोकांच्या नळ्यांतून हिंडवतो आणि पार दमवून मग बाहेर सोडतो.

मोटारीच्या सायलेन्सरचं एक अगदी सुरुवातीचं पेटंट १८९७ चं. इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावचे मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज हे भाऊ. धंदा पुली बनवायचा. मिल्टनने १८९६ मध्ये स्वतःची मोटार बनवली, पण रस्त्यावर तेव्हा राज्य घोड्यांचं! आवाजाने घोडे बुजायचे. म्हणून हा डबा. (याच मिल्टनने १९११ मध्ये आठ चाकांची मोटार बनवली होती. डोकं कसं चालत असेल याचा अंदाज यावा.)

आता खटका कुठून आला? सुरुवातीचे सायलेन्सर खरोखरच ओबडधोबड होते. वायू बाहेर पडताना अडायचा, मागे दाब तयार व्हायचा आणि इंजिनाची ताकद त्यातच खर्च व्हायची. फोर्डच्या मॉडेल टी ची ताकद वीस हॉर्सपॉवर. त्यातली एखाद-दुसरी गेली तरी चढावर जाणवणारच. यावर उपाय म्हणजे 'कट-आउट', सायलेन्सरच्या आधी नळीला बसवलेली एक झडप. पायाने खटका दाबला की तार ओढली जायची, झडप उघडायची आणि धूर थेट बाहेर. ज्यांच्या गाडीत नसेल त्यांना तो सुटाही विकत मिळायचा. आणखी एक फायदा होता आणि तो मला इंजिनियर म्हणून पूर्ण पटतो. कुठला सिलिंडर नीट पेटत नाहीये, हे उघड्या नळीतून कानाला लगेच कळायचं.

म्हणजे कारण अगदीच खोटं नव्हतं. पण चढ संपल्यावर खटक्यावरून पाय काढतो कोण! गावातल्या सपाट रस्त्यावर, रात्री अकरा वाजता, ना चढ ना बिघाड, तरी कट-आउट उघडा. पुढे सायलेन्सर सुधारले, ताकदीचा तोटा नगण्य झाला, तरी "सायलेन्सर काढला की गाडी पळते" हे वाक्य मात्र टिकून राहिलं. ते आजही गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं.

तक्रार करणारे होतेच, पण आवाजाची तक्रार म्हणजे नाजूक लोकांची कुरकुर असं समजलं जाई. इथे न्यूयॉर्कच्या ज्युलिया बार्नेट राइस या बाईंचं नाव घ्यायला हवं. त्यांचा लढा मोटारींशी नव्हता, हडसन नदीतल्या टगबोटींच्या शिट्ट्यांशी होता. त्यांनी नुसती ओरड केली नाही, कोलंबिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना बसवून रात्रभराच्या शिट्ट्या मोजून घेतल्या! १९०६ मध्ये अनावश्यक आवाजाविरुद्ध संस्था काढली, १९०७ मध्ये बोटींच्या शिट्ट्यांवर कायदा करून घेतला. त्यांनी आपल्या झोपेचं रडगाणं गायलं नाही, इस्पितळातल्या रुग्णांचा मुद्दा पुढे केला. इस्पितळाभोवती शांतता क्षेत्र ही आज आपल्या ओळखीची कल्पना त्यांच्या चळवळीने रुजवली.

हाच मोजायचा मार्ग मोटारींच्या बाबतीत कामी आला. १९२९ मध्ये न्यूयॉर्कने आवाज कमी करण्यासाठी आयोग नेमला. डेसिबल हे नाव तेव्हा नुकतंच रूढ होत होतं. आयोगाने एका ट्रकवर यंत्रं चढवली आणि शहरभर फिरून आवाज मोजला. १९३० च्या अहवालात सगळ्यात मोठा वाटा वाहतुकीचा निघाला. आता कुरकुरीला आकडा मिळाला होता.

एक मजेदार विरोधाभास सांगतो. हायरम पर्सी मॅक्सिम हा मशीनगन बनवणाऱ्या मॅक्सिमचा मुलगा. एमआयटीत शिकलेला, सुरुवातीच्या मोटारींवर काम केलेला. १९०९ मध्ये त्याने बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट मिळवलं. (बाप तोफा-बंदुकांच्या आवाजाने बहिरा झालेला!) तत्त्व तेच, वायूला दमवून सोडायचं. पण १९३४ च्या अमेरिकन कायद्याने बंदुकीच्या सायलेन्सरवर २०० डॉलरचा कर बसला आणि मोटारीला मात्र सायलेन्सर सक्तीचा होत गेला. एकीकडे आवाज न होण्याची भीती, दुसरीकडे होण्याची.

कट-आउटवर बंदी घालताना एक अडचण होती. नुसता वापर बंद करून भागत नाही, कारण हवालदार दिसला की पाय उचलायला किती वेळ लागतो? त्यामुळे अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या कायद्यांत आजही दोन गोष्टी सापडतात. कट-आउटचं नाव घेऊन मनाई, आणि सायलेन्सर 'सतत' चालू असला पाहिजे ही अट. डबा सतत चालू म्हणजे काय, असा प्रश्न आज वाचणाऱ्याला पडेल. तो शब्द त्या खटक्यासाठी आहे. आपल्याकडच्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० सरळ सांगतो, प्रत्येक वाहनाला सायलेन्सर हवा. आपल्या पोरांना खटका लागत नाही, पाना पुरतो.

आणि खटका गेला असं समजू नका. महागड्या स्पोर्ट्स कारमध्ये आता एक्झॉस्टसाठी वेगळं बटण असतं. काही पोर्शेंमध्ये तर त्यावर दोन नळ्यांचं छोटंसं चित्र आहे. ते दाबलं की नळीतली झडप उघडते. फक्त या झडपेचे पैसे जास्त पडतात.